'बंद आहे' या वाक्याचा अर्थ : क्ष-किरण यंत्रातील उच्च-दाब घटक बदलण्याच्या सूचनांची भाषा

रुग्णालयातील क्ष-किरण यंत्राची नळी निकामी झाली, अथवा तिला विद्युत्-दाब पुरविणारा संच नादुरुस्त झाला, म्हणजे तो घटक काढून त्या जागी नवा बसवावा लागतो. हे काम उत्पादकाकडून रीतसर शिक्षण घेतलेल्या अभियंत्याचे होय. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे वरवर पाहता काही नाही. परंतु यंत्राचे आवरण उघडण्यापूर्वी तेथे एक छोटेसे प्रश्नोत्तर घडते, आणि ते मात्र सर्वस्वी भाषेच्या क्षेत्रातील आहे. "मशीन बंद आहे ना?" असे एकजण विचारतो, "हो, बंद आहे," असे दुसरा सांगतो, आणि त्या उत्तराच्या भरवशावर पहिल्याचा हात आत जातो. ते उत्तर पूर्णपणे खरे असूनही त्या माणसाचा प्राण जाऊ शकतो. वाक्य सत्य आहे, बोलणारा प्रामाणिक आहे, ऐकणारा जाणता आहे, आणि तरीही वाक्यावरून काढलेले अनुमान घातक ठरते. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

'बंद' हा फारसीतून आलेला शब्द मराठीत इतका मुरलेला आहे की त्याच्या अर्थाचा पसारा सहसा लक्षात येत नाही. दार बंद असते, दुकान बंद असते, घड्याळ बंद असते, रस्ता बंद असतो. एखाद्याचे बोलणे बंद होते आणि राजकीय पक्ष 'बंद' पुकारतात. विजेच्या संदर्भात तर या शब्दाची एक चमत्कारिक ओढाताण होते. दिव्याचा स्विच 'बंद केला' म्हणजे प्रवाह थांबला. पण भौतिकशास्त्राच्या वर्गात 'बंद परिपथ' म्हटले की ज्यातून प्रवाह वाहू शकतो असा, पूर्ण जोडलेला परिपथ समजावयाचा. पहिल्या अर्थाच्या मुळाशी क्रिया थांबण्याची कल्पना आहे, दुसऱ्याच्या मुळाशी फट बुजण्याची. बोलीत हा घोटाळा फारसा होत नाही, कारण कारागीर 'परिपथ' म्हणतच नाही. खरा घोटाळा त्याहून खोल, क्रियापदांच्या पातळीवर आहे.

मराठीत यंत्र 'बंद पडते', 'बंद होते', 'बंद केले जाते', 'बंद ठेवले जाते'. या चार रचनांत कर्तृत्वाचे चार निरनिराळे प्रकार आहेत. 'बंद पडले' यात कोणाची इच्छा नाही. 'बंद केले' यात कोणी तरी हेतुपूर्वक हात लावला आहे. 'बंद ठेवले' यात ती अवस्था टिकविण्याची जबाबदारीही कोणी तरी घेतली आहे. मराठी भाषकाला हे भेद शिकवावे लागत नाहीत. मात्र 'बंद आहे' असे म्हणताच हे चारही भेद एका झटक्यात पुसले जातात. उरते ती केवळ अवस्था. ती कोणी आणली, केव्हा आणली, किती काळ टिकेल आणि आतल्या कोणत्या भागाला लागू आहे, यांपैकी काहीही त्या वाक्यात राहत नाही.

हे वाक्य एके काळी आजच्याइतके अपुरे नव्हते. १८९५ च्या नोव्हेंबरात व्हिल्हेल्म रंटगेन यांना हे किरण आढळले. त्यांचे स्वरूप अज्ञात म्हणून त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे चिन्ह त्यांना दिले, आणि मराठीने त्या अक्षराचा उच्चार उसना न घेता आपल्या बीजगणितातील 'क्ष' पुढे केला. चिन्हाचे इतके नेमके भाषांतर क्वचितच पाहावयास मिळते. आरंभीच्या यंत्रांत उच्च दाबाच्या तारा खोलीत उघड्याच टांगलेल्या असत. धोका भयंकर होता, पण तो डोळ्यांना दिसत होता. पुढे नळी धातूच्या कवचात गेली, तारांच्या जागी जाड आवरणाच्या केबली आल्या आणि रोहित्र तेलाच्या टाकीत बुडाले. अशा जुन्या यंत्रांत वीजकंपनीकडून येणाऱ्या ५० आवर्तनांच्या प्रवाहाचाच दाब रोहित्राने वाढविला जाई. मुख्य स्विच खाली ओढला की रोहित्राचे काम तत्क्षणी थांबे; केबलींत उरलेला प्रभार सोडला तर पुरवठ्याच्या बाजूला फारसे काही साठून राहत नसे. त्या यंत्राविषयी 'बंद आहे' हे बऱ्याच अंशी पुरेसे विधान होते.

आजच्या यंत्रांची रचना वेगळी आहे. पुरवठ्याचा प्रत्यावर्ती प्रवाह प्रथम एकदिश केला जातो, तो मोठ्या कपॅसिटरांत, म्हणजे धारित्रांत, साठविला जातो, आणि मग इन्व्हर्टर त्याचे तुकडे पाडून सेकंदाला हजारो आवर्तनांचा प्रवाह तयार करतो. आवर्तने इतकी वाढल्यामुळे रोहित्र लहान होते आणि प्रतिमेचा दर्जा सुधारतो. पण या सोयीची किंमत म्हणजे पुरवठा तोडल्यावरही ऊर्जा धरून बसणारा धारित्रांचा संच. आकडे मांडून पाहावेत. ४१५ व्होल्टचा त्रिकला पुरवठा एकदिश केला की सुमारे ५६० व्होल्ट मिळतात. धारित्रांची एकूण धारिता उदाहरणादाखल ५,००० मायक्रोफॅरड धरली, तर साठलेली ऊर्जा धारितेच्या निम्म्याला दाबाच्या वर्गाने गुणून ७८४ ज्यूल येते. त्याच रुग्णालयात थांबलेल्या हृदयाला धक्का देण्यासाठी जे डिफिब्रिलेटर ठेवलेले असते, त्याचा मोठ्यात मोठा धक्का साधारणपणे ३६० ज्यूलचा असतो.

आता उच्च दाबाच्या बाजूला पाहू. नळीवर १५० किलोव्होल्ट दाब असताना धन व ऋण बाजूंच्या केबलींवर प्रत्येकी ७५ किलोव्होल्ट येतात. केबलीला दर मीटरला सुमारे २०० पिकोफॅरड धारिता असते असे मानले, तर १५ मीटरच्या एका केबलीत साठणारी ऊर्जा जेमतेम साडेआठ ज्यूल भरते. तिलाही प्राणघातक समजूनच वागावयाचे, यात शंका नाही. पण ७८४ आणि साडेआठ या आकड्यांतील अंतर बोलके आहे. लाल अक्षरांत 'उच्च दाब' असे लिहिलेली पाटी तेलाच्या टाकीवर असते. ऊर्जेचा मोठा साठा मात्र दुसऱ्याच कप्प्यात, अधिक सौम्य नावाखाली बसलेला असतो.

हे नाव किती सौम्य आहे ते कायद्याच्या परिभाषेवरून दिसते. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत २५० व्होल्टपर्यंतचा दाब 'निम्न', ६५० पर्यंतचा 'मध्यम', ३३,००० पर्यंतचा 'उच्च' आणि त्यापुढील 'अति-उच्च' अशी वाटणी होती. त्या हिशेबाने वरील ५६० व्होल्ट 'मध्यम' ठरतात. ते नियम २०१० मध्ये केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या नव्या विनियमांनी मागे सारले. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या संकेतानुसार प्रत्यावर्ती प्रवाहाला १,००० आणि एकदिश प्रवाहाला १,५०० व्होल्टपर्यंतचा दाब निम्नच समजतात. आणि महाराष्ट्रात वीजदेयकांच्या भाषेत त्याला 'लघुदाब' म्हणतात. 'लघु' हे विशेषण वीजवाहिन्यांच्या श्रेणीत योग्यच आहे. पण ते विशेषण श्रेणी सांगते, इजा सांगत नाही, आणि विशेषणाचा हा मर्यादित अधिकार ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहतोच असे नाही. त्याच १९५६ च्या नियमांनी मध्यम दाबापासून वरच्या सर्व ठिकाणी कवटी व हाडांच्या चित्रासह, हिंदी किंवा इंग्रजी आणि शिवाय जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत धोक्याची सूचना लावणे आवश्यक केले होते. गावोगावच्या रोहित्रांवर दिसणारा 'धोका' हा शब्द त्या परंपरेतला. ती सूचना जवळ न येण्यासाठी आहे. ज्याला कामानिमित्त जवळ यावेच लागते, त्याला ती पुढचे काही सांगत नाही.

पुढचे सांगण्याचे काम उत्पादकाची पुस्तिका करते, आणि ती बहुधा इंग्रजीत असते. तीत पुरवठा तोडल्यावर ठरावीक मिनिटे थांबण्याची सूचना असते. हा अवधी कोठून येतो? धारित्रांना समांतर एक रोधक जोडलेला असतो. त्यातून साठा हळूहळू झिरपून जातो. वरील ५,००० मायक्रोफॅरडला २० किलोओहमचा रोधक जोडला, तर काल-स्थिरांक १०० सेकंदांचा होतो. ५६० वरून ६० व्होल्टपर्यंत, म्हणजे एकदिश दाबाची साधारणतः सुरक्षित मानलेली मर्यादा गाठेपर्यंत, पावणेचार मिनिटे लागतात. पाच काल-स्थिरांकांनी, म्हणजे सव्वाआठ मिनिटांच्या सुमारास, दाब चार व्होल्टांच्या आत येतो. गणित बिनचूक आहे. पण ते निरोगी यंत्राचे गणित आहे. तो रोधकच जळून तुटला असेल, तर पाच मिनिटांनी काय आणि तासाभराने काय, साठा जवळपास तसाच राहणार. आणि समोरचे यंत्र तर नादुरुस्त म्हणूनच उघडले जात आहे. 'पाच मिनिटे थांबावे' या वाक्यात 'रोधक शाबूत असल्यास' हे उपवाक्य अध्याहृत असते. पुस्तिका लिहिणाऱ्याला ते ठाऊक असते. वाचणाऱ्याला ते वाक्यात दिसत नाही.

म्हणूनच थांबणे हा पुरावा नव्हे, मोजणे हा पुरावा होय. आणि मोजण्यातही एक अर्थशास्त्रीय खाच आहे. येथे अर्थशास्त्र म्हणजे शब्दार्थाचे शास्त्र. मल्टिमीटरवरचे शून्य दोन गोष्टी सांगू शकते : दाब शून्य आहे, किंवा मीटरच बिघडला आहे. चिन्ह एकच, अर्थ दोन. ही संदिग्धता काढण्यासाठी मीटर आधी खात्रीच्या जिवंत पुरवठ्यावर लावून पाहतात, मग धारित्रावर, आणि नंतर पुन्हा त्या जिवंत पुरवठ्यावर. दोन्ही वेळा तो बरोबर बोलला, तरच मधल्या शून्यावर विश्वास ठेवावयाचा. नेहमीचा मल्टिमीटर किलोव्होल्टच्या बाजूला कधीही लावावयाचा नसतो. त्यासाठी स्वतंत्र दाब-विभाजक लागतो.

मोजून झाल्यावर उरलासुरला प्रभार जमिनीत सोडावयाचा. यासाठी विद्युत्-रोधक दांडीच्या टोकाला धातूचा आकडा आणि त्याला जोडलेली तार असे साधन असते. कारागीर त्याला 'डिस्चार्ज रॉड' म्हणतात. (रुग्णालयात 'डिस्चार्ज' म्हणजे रुग्णाची घरी पाठवणी. एकाच इमारतीत हा शब्द दोन्ही अर्थांनी सुखाने नांदतो, कारण दोन्ही अर्थांचे बोलणारे एकमेकांशी फारसे बोलत नाहीत.) क्रम येथे सर्वस्व आहे : तारेचे मोकळे टोक आधी भूसंपर्काला पक्के लावावयाचे आणि मगच आकडा धारित्राला टेकवावयाचा. उलट केल्यास दांडी धरणाराच जमिनीचा मार्ग होण्याचा संभव असतो. मोठ्या धारित्रसंचाला थेट लोखंड टेकविले तर ठिणगीचा स्फोट होतो, म्हणून मध्ये रोधक असलेली दांडी वापरतात.

इतके झाल्यावरही धारित्र 'रिकामे झाले' असे म्हणता येत नाही. त्याच्या अंतरंगातील विद्युत्-रोधक द्रव्यात काही प्रभार शोषला गेलेला असतो. क्षणभर जोडून तार काढून घेतली की तो हळूहळू बाहेर येतो आणि अग्रांवर पुन्हा दाब उभा राहतो. उच्च-दाब केबलीही असेच वागतात. यासाठी जोड-तार काम संपेपर्यंत लावलेलीच ठेवतात, आणि केबलीचे टोक टाकीतून अथवा नळीच्या खोबणीतून बाहेर येताच त्याच्या पिना भूसंपर्कित धातूला टेकवतात. 'रिकामे' हे विशेषण येथे वस्तूच्या स्वभावाशीच जुळत नाही. 'रिकामे करून रिकामे ठेवलेले' असे काही म्हणावे लागेल.

'रिकामे' या शब्दापाशी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला बेंजामिन ली व्होर्फ आठवणे स्वाभाविक आहे. व्होर्फ हे हार्टफर्ड येथील अग्निविमा कंपनीत आगी कशा लागतात याची तपासणी करीत. १९४१ मध्ये सपीर यांच्या स्मृतिग्रंथात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील पेट्रोलच्या पिंपांचे उदाहरण सर्वश्रुत आहे : भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात, पण 'रिकाम्या' पिंपांजवळ बेफिकीर राहतात, वस्तुतः आत राहिलेल्या वाफेमुळे रिकामी पिंपेच अधिक स्फोटक असतात. व्होर्फ यांनी दोष शब्दाला दिला. स्टीव्हन पिंकर यांनी १९९४ मध्ये यावर टीका करताना म्हटले की ती माणसे इंग्रजीमुळे नव्हे, स्वतःच्या डोळ्यांमुळे फसली. वाफ दिसतच नाही. ही टीका योग्य आहे, पण तिने प्रश्न संपत नाही. भारित धारित्र आणि निर्भार धारित्र डोळ्यांना सारखेच दिसतात, हे खरे. मराठी बोलणारा असो वा जर्मन, फसण्याची सोय सर्वांना समान आहे. परंतु जेथे डोळा काही सांगू शकत नाही, तेथे माणूस दुसऱ्याच्या शब्दावर विसंबतो. शब्दाने भूल पाडली नाही, तरी जी माहिती डोळा देऊ शकत नव्हता ती देण्याची संधी शब्दाने दवडली, इतके तर म्हणता येतेच.

यावर तोडगा म्हणून एखादा नेमका पारिभाषिक शब्द घडवावा, असे मराठीत लगेच सुचते. वरच्या परिच्छेदात सहज वापरलेला 'निर्भार' हाच घ्या. तो वाईट नाही. पण वीजक्षेत्रात 'भार' म्हणजे वापरही होतो, आणि 'भारनियमन' हा शब्द तर घरोघरी पोहोचलेला आहे. 'निर्भार' म्हणजे प्रभार नसलेले की भार न जोडलेले? 'निष्प्रभारित' अचूक ठरेल, पण तो कोणी उच्चारणार नाही. कारागिरांच्या बोलीत 'जिवंत तार' आहे, आणि वृत्तपत्रांनीही ती उचलली आहे. मात्र इंग्रजीत तिला जोडीदार असलेली 'मेलेली तार' मराठीत रुजलेली नाही. त्या जागी 'सप्लाय नाही' असे म्हणतात, आणि वर पाहिल्याप्रमाणे सप्लाय नसणे हे धारित्राविषयी काहीच सिद्ध करीत नाही. सीटी यंत्रांना जोडलेल्या यूपीएसमुळे मुख्य स्विच तोडल्यावरही दुसऱ्या वाटेने पुरवठा चालू राहू शकतो, आणि बॅटरीवर चालणाऱ्या फिरत्या क्ष-किरण यंत्राचा प्लग काढला तर फक्त बॅटरीचे भरणे थांबते.

खरी अडचण शब्दाच्या निवडीची नसून वाक्यप्रकाराची आहे. कोणतेही विशेषण, कितीही नेमके असले, तरी 'आहे'ला जोडले की कर्ता, कृती आणि पुरावा गाळून टाकते. अमेरिकेत १९८९ मध्ये कारखान्यांसाठी झालेल्या 'कुलूप आणि चिठ्ठी' नियमाकडे या दृष्टीने पाहिले तर तो व्याकरणाचाच नियम वाटू लागतो. काम करणाऱ्याने पुरवठ्याचा स्विच तोडून त्याला स्वतःचे कुलूप लावावे, त्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी अडकवावी, आणि सर्वसाधारणतः ज्याने कुलूप लावले त्यानेच ते काढावे; दोघे काम करीत असतील तर दोन कुलुपे. 'बंद आहे' या वाक्यातून गळालेला कर्ता चिठ्ठीवर परत येतो, आणि कुलुपाच्या रूपाने 'बंद ठेवले' ही क्रिया प्रत्यक्षात उतरते. जेथे कुलूप नाही आणि केवळ तोंडी 'बंद आहे', तेथे तिसरा कोणी दिवे का गेले म्हणून स्विच वर ढकलतो. त्याच्या मते यंत्र 'बंद पडलेले' असते.

सूचनांच्या मराठीकरणातही हाच विवेक हवा. इशाऱ्याच्या शब्दांची अमेरिकी प्रमाणकात एक उतरंड आहे : पहिला शब्द मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच अशा स्थितीसाठी, दुसरा ती होऊ शकेल अशा स्थितीसाठी, तिसरा किरकोळ इजेसाठी. मराठीत 'धोका', 'इशारा', 'सावधान', 'खबरदारी' हे शब्द आहेत, पण त्यांच्यात अशी चढउतार भाषकाला जाणवत नाही. किंबहुना 'सावधान' लग्नमंडपातही ऐकू येते. तेव्हा शब्दांवर न विसंबता परिणामच लिहावा : 'हात लावल्यास मृत्यू येईल.' याउलट एका बाबतीत मराठीची वाक्यरचना इंग्रजीपेक्षा सोयीची आहे. इंग्रजीत 'आवरण काढा' हे आधी येऊन 'दाब मोजल्यानंतर' हे मागून येऊ शकते, आणि घाईतला वाचक पहिल्या अर्ध्यावरच कामाला लागतो. मराठीत मुख्य क्रियापद शेवटी येत असल्याने 'दाब मोजून, जोड-तार लावून मग केबल काढावी' असा क्रम आपोआप कामाच्या क्रमाशी जुळतो. मात्र '-ऊन'ची साखळी लांबली की तिच्या कड्या समकालीन वाटू लागतात, आणि ही रूपे कर्ताही सांगत नाहीत. दोन-तीन कृतींनंतर वाक्य तोडणे बरे.

नवी नळी अथवा केबल बसविताना भाषेचा प्रश्न सौम्य होतो, कारण तेथे चुकीची शिक्षा बहुधा माणसाऐवजी यंत्राला मिळते. केबलीच्या टोकांवरील जुने ग्रीस पूर्ण पुसून नवे, उत्पादकाने सांगितलेलेच लावतात; त्यात हवेचा बुडबुडा राहिला तर तेथून दाब फुटतो आणि टोक जळते. नळी एकदम पूर्ण दाबावर नेत नाहीत. कमी किलोव्होल्टपासून पायरीपायरीने, मध्ये विश्रांती देत, तिला सरावाला आणतात. भारतात अणुऊर्जा नियामक परिषदेच्या अपेक्षेनुसार अशा दुरुस्तीनंतर गुणवत्तेच्या चाचण्या करूनच यंत्र रुग्णांसाठी वापरात येते.

त्याआधीची शेवटची पायरी म्हणजे लावलेल्या जोड-तारा काढणे. एखादी आत विसरली तर पुरवठा देताच इन्व्हर्टर जळतो, म्हणून त्या लावताना मोजतात आणि काढतानाही मोजतात. कामाच्या नोंदवहीत मात्र या सगळ्याची नोंद अनेकदा 'नळी बदलली, मशीन चालू' एवढ्यावर आटोपते. 'मुख्य स्विच तोडून कुलूप लावले, मीटर तपासला, धारित्रावरील दाब मोजला, दोन व्होल्ट, जोड-तारा तीन लावल्या, तीन काढल्या', आणि प्रत्येक ओळीपुढे वेळ व सही, अशी नोंद लिहिण्यास चार मिनिटे अधिक लागतात. धारित्र झिरपण्याची वाट पाहताना तेवढा वेळ हाताशी असतोच.